निघाला

प्रिंटरमधून एकूण सात पानं बाहेर पडली होती. चार ट्रेमध्ये, दोन फरशीवर आणि एक काकासाहेबांच्या हातात. सातही पानांवर नाव एकच, तपासणी एकच, खाली सहीही एकच. समोरच्या दोन बाकड्यांवर अकरा माणसं बसली होती. सगळी उपाशीपोटी साखर तपासायला आलेली. म्हणजे चहावाचून कावलेली आणि कशाने तरी वेळ जावा म्हणून टपून बसलेली.

हा हिशेब लुबनाने फोनवर दिला तेव्हा तनुजा औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या रांगेत लावत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"सात?"

"सात. तुझ्या त्या शिवराजचे. काकासाहेबानं मोठ्यानं वाचला गं, मॅडम. समद्यांसमोर."

तनुजाने मागच्याच वर्षी विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. विश्वजीत सरांच्या या लॅबमध्ये ती नमुने मशीनवर लावायची, आकडे तपासायची आणि रिपोर्ट तयार करायची. लॅबची एक शाखा फुलंब्रीला होती. शाखा म्हणजे बसस्टँडजवळची एक खोली. तिथे लुबना एकटीच सगळं बघायची: रक्त काढायची, नमुने बसने शहरात धाडायची, आणि रिपोर्ट आले की पाकिटात घालून द्यायची. रिपोर्ट मात्र इथून कोणी घेऊन जात नसे. तनुजाच्या संगणकावर दोन प्रिंटरांची नावं दिसत. एक तिच्या कोपराजवळचा, दुसरा 'फुलंब्री'. दुसरं नाव निवडून बटण दाबलं की चौक्याचा घाट ओलांडून पलीकडे कागद बाहेर पडायचा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिला याचं इतकं नवल वाटलं होतं की तिने बिडकीनला आईला फोन करून सांगितलं होतं.

पुढे रस्त्याच्या कामात कोणीतरी केबल तोडली. तेव्हापासून फुलंब्रीचं इंटरनेट एका डोंगलवर चालायचं. लुबना ते खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधून ठेवायची. "हे डोंगल म्हंजी आमच्या सासूबाई," ती म्हणायची. "मूड असला तर बोलणार, नसला तर खिडकीत बसून नुसता रस्ता बघणार."

रिपोर्ट मोबाइलवर पाठवला असता तर हा सगळा खटाटोप वाचला असता. पण मध्यंतरी एकाने मोबाइलवर आलेल्या रिपोर्टातले आकडे बदलून नोकरीसाठी दाखवले होते, आणि खाली सही सरांची होती. त्या दिवसापासून सरांचा नियम झाला: सहीचा रिपोर्ट फक्त कागदावर.

शिवराजचं फुलंब्रीत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. शुक्राणूंची तपासणी करायला तो मुद्दाम शहरात आला, गावात कळायला नको म्हणून. पण हंगामाचे दिवस. रिपोर्टसाठी पुन्हा दुकान बंद ठेवणं त्याला जमेना. त्याने फोन केला तो तनुजाने उचलला.

"दुपारी तुमचं फुलंब्रीचं सेंटर रिकामं असतं," तो आवाज खाली करून म्हणाला होता. "तेव्हा कागद मिळंल का, ताई? पाकिटात?"

"मिळेल," तनुजा म्हणाली होती. "मी स्वतः बघते."

तर आदल्या दिवशी दुपारी असं झालं. शिवराज आला, सेंटरमध्ये चिटपाखरू नव्हतं, लुबनाने फोन केला, "तुमचे पाहुणे आलेत, पाठवा." तनुजाने बटण दाबलं. थोड्या वेळाने लुबनाचा फोन: "नाय आलं काही." तनुजाने पुन्हा दाबलं. मग लुबनाच्या फोनचीही वाट पाहिली नाही. परीक्षानळीत दुसरा थेंब टाकण्याआधी पहिल्याचं काय झालं हे बघणारी ही मुलगी. पण पडद्यावर काहीच हलेना तेव्हा तिने तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं, आणि त्यानंतर आपण कितव्यांदा दाबतोय हे बघायचंही सोडून दिलं. शेवटी तिने लुबनाला फोन लावला.

"आपा, निघाला का?"

"हौ, निघाला. आत्ताच."

"बरं. मग ठेवते."

फोन ठेवला आणि डबा उघडला. पडद्याच्या कोपऱ्यात प्रिंटरचं छोटं चित्र अजून दिसत होतं. त्याच्यावर एकदा क्लिक केलं असतं तर रांगेत काय काय अडकलंय ते समोर आलं असतं. तिने ते चित्र बघितलं, हे तिला पुढे नीट आठवत राहिलं. बघितलं, आणि भाकरी मोडली.

संध्याकाळी लुबनाने सेंटर बंद केलं. सकाळी उघडलं, डोंगल लावलं, आणि त्या दिवशी सासूबाईंचा मूड फार चांगला होता. लुबना एका म्हातारीच्या शिरेत सुई घालून उभी असताना पाठीमागे प्रिंटर सुरू झाला. सुई धरलेली बाई हात सोडू शकत नाही. तीन पानं ट्रेवरून घसरून खाली गेली. काकासाहेब हे शिवराजचे चुलत चुलते, आयुष्यभर ग्रामपंचायतीत ठराव वाचून दाखवलेला माणूस. त्यांच्या हातात कागद आला की तो मोठ्यानेच वाचला जातो. त्यांनी भलेपणाने एक पान उचललं, पुतण्याचं नाव वाचलं, पुढचं इंग्रजीही एकेक अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "लुबनाबाई, हे स्पर्म काऊंट म्हंजी काय असतंय? साखरच का?"

बाकड्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. तोपर्यंत प्रिंटर चालूच होता.

*

दुसऱ्या दिवशी सरांनी लुबनाला शहरात बोलावून घेतलं. तनुजालाही केबिनमध्ये उभं केलं. विश्वजीत सर ओरडणारे नव्हते. ते चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, तेवढ्यानेच समोरचा सरळ उभा राहायचा.

"प्रिंटर तुझ्या पाठीमागे. पानं उचलायची कोणी?" त्यांनी लुबनाला विचारलं.

"सर, सुई होती हातात. म्हातारीची नस सापडता सापडत नव्हती."

"ते सकाळचं झालं. आदल्या दिवशी दुपारी काय झालं?" त्यांनी तनुजाकडे पाहिलं. "तू पाठवला होतास?"

"हो सर. मी आपाला विचारलंसुद्धा, निघाला का. ती म्हणाली, निघाला."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तनुजाला तो बोलताना तोंडात कडू लागला.

"म्हणलीस?" सरांनी लुबनाला विचारलं.

"हौ, म्हणले सर. पण मी..."

"न आलेला रिपोर्ट आला म्हणून सांगितलास. दुसऱ्या दिवशी तोच चारचौघांत पसरला. आणि सात कसे काय?"

हा प्रश्न कोणाला होता ते स्पष्ट नव्हतं. लुबनाला उत्तर माहीत नव्हतं. तनुजाला माहीत होतं.

"लाइन बंद पडली होती, सर," तनुजा म्हणाली. "त्यामुळे रिपीट झाले असतील."

'असतील'. तिने आयुष्यात कुठल्या प्रयोगाच्या वहीत 'असतील' लिहिलं नव्हतं. विद्यापीठातल्या मास्तरांनी लिहू दिलं नसतं.

सरांनी चष्मा घातला. पहिल्या तारखेपासून फुलंब्रीला दुसरं माणूस बघतो, म्हणाले.

जिन्यात लुबना दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून थांबली. तनुजा मागेच होती. लुबनाने पिशवीतून बाटली काढली, स्वतः न पिता आधी तनुजाच्या हातात दिली. "पी. तोंड बघ कसं झालंय तुझं. जसं काय तुलाच काढलंय."

तनुजाने घोट घेतला.

"एक सांग," लुबना म्हणाली. "तू 'निघाला का' म्हणलीस, ते कोण?"

"कोण म्हणजे? रिपोर्ट. रिपोर्ट प्रिंटरमधून निघाला का, असं."

लुबना एक पायरी वर आली. "या अल्लाह. अगं, मला वाटलं तू शिवराजचं विचारतेस. तो कंटाळून त्याच मिनिटाला गाडीला किक मारून निघाला होता. म्हणून मी म्हणले, निघाला." तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. "एका शब्दानं नोकरी खाल्ली की गं माझी! रिपोर्ट बी निघाला अन् माणूस बी निघाला. जाऊ दे. तुझी तरी काय चूक त्यात."

हे वाक्य ऐकून तनुजाला पायऱ्यांवरून खाली पडावंसं वाटलं. बोलायची वेळ हीच होती. तिने बाटलीचं झाकण लावलं, उगाच घट्ट लावलं, आणि बाटली परत दिली.

*

त्यानंतरच्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि सिल्लोडची बस धरली. आपण माफी मागायला जात नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. शुक्राणूंच्या एका तपासणीवरून काहीच ठरवता येत नाही, काही आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा लागतो, हे त्या माणसाला कोणीतरी सांगायला हवं. ती शास्त्राची गोष्ट होती. हर्सूल मागे पडेपर्यंत तिचा त्यावर विश्वास टिकला.

फुलंब्रीला उतरल्यावर ठिबकचं दुकान कुठे, हे तिने चहाच्या गाड्यावर विचारलं. चहावाल्याने हाताने दाखवलं. गाड्याला टेकून उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातला एक तिच्याकडे पाठ करून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "लोकांच्या वावरात थेंब थेंब पाणी सोडतो गड्या, अन् याचं सोताचं वावर कोरडवाहू!"

"गप ए, बाई माणूस हाय," चहावाला म्हणाला. पण हसत होता तोही.

दोन दिवस झाले होते आणि विनोद तयार होऊन, घासूनपुसून, चहाबरोबर मिळायला लागला होता. हा विनोद आपण या गावाला दिलाय, असं तिच्या मनात आलं.

शिवराज दुकानात काळ्या नळीचं भेंडोळं सोडवत बसला होता. वय तिशीच्या आत, अंगावर इस्त्रीचा शर्ट. ती कोण हे कळल्यावर तो उठला नाही, बसाही म्हणाला नाही.

"तुम्हीच का फोनवर होत्या? मी स्वतः बघते म्हणल्या होत्या, त्या?"

"हो."

"मग बघितलं का?"

तिने घाईघाईने दुसऱ्या नमुन्याचं सांगितलं. ताप येऊन गेला असला तरी आकडा घसरतो, एकावर विश्वास ठेवू नये, पुढच्या वेळी आकडा वाढूही शकतो. ती बरोबरच बोलत होती, आणि बोलता बोलता तिला आपलाच आवाज वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा ऐकू येत होता.

"वाढंल बी," शिवराज म्हणाला. "पण गावानं ऐकला तो आकडा आता बदलतो का, ताई?" त्याने नळी मांडीवर घेतली. "प्रेरणाला, म्हंजी माझ्या बायकोला, चार वर्षं आमची आई बोलती. ते आता बंद झालं. आता आई कोणाशीच बोलत नाय. म्हणलं तर एवढं बरं झालं."

तनुजाने खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मला एकच सांगा," तो म्हणाला. "लुबनाबाईनं मुद्दाम केलं का? काकासाहेब समद्या गावात सांगत फिरायलेत, तिनंच पानं वाटली म्हणून. स्वतः वाचलं ते कुठं सांगत नाय. आईनं परवा भर रस्त्यात तिला लई वंगाळ बोललं. मला पटंना. त्या बाईच्या तोंडून मी आजवर कोणाच्या घरचं ऐकलं नाय."

समोरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत तनुजाला अवधी मिळाला, आणि तो गेल्यावर मिळेना.

"तिने नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं. सात वेळा मीच पाठवलं."

"सात कशाला?"

"पहिलं येत नव्हतं म्हणून."

"मी एकच मागितलं होतं," शिवराज म्हणाला. मग, "तुमच्या सायबाला माहीत हाय हे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

त्याने मान खाली घालून नळी पुन्हा सोडवायला घेतली. तनुजा दुकानाच्या पायरीवरून उतरली. चहाच्या गाड्यावरून जाताना तिने मान वर केली नाही.

*

सेंटरमध्ये लुबना एकटीच होती. रिकाम्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. पहिल्या तारखेनंतर त्या दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार होत्या, तरी चिठ्ठी जराही तिरकी जाऊ देत नव्हती.

"अगंबाई, मॅडम! रजा टाकून? बस, बस."

तनुजा बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. किती वेळा दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं चित्र. सरांपुढचं 'असतील'.

लुबनाने हातातली नळी खाली ठेवली. उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करून बाजूला सारल्या.

"अन् जिन्यात मी तुला पाणी पाजलं," लुबना शेवटी म्हणाली.

"हो."

"आधी तुला."

"हो, आपा."

"लाव फोन सायबाला. माझ्यासमोर लाव."

तनुजाने फोन लावला आणि आवाज मोठा केला. लुबनाला सांगितलं तेच सगळं सरांना सांगितलं, आणि लुबनाचं 'निघाला' शिवराजबद्दल होतं, हेही. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "पण लाइन बंद होती, असं तू मला सांगितलंस."

"सांगितलं, सर. तपासलं नव्हतं. लाइन बारीक होती, एवढंच मला माहीत होतं. रिपोर्टवरचं आपल्या सहीचं चित्र जड आहे, पान जायला वेळ लागतो. पहिलं वाटेत असतानाच मी मागून दुसरं घातलं, तिसरं घातलं. औरंगपुऱ्याच्या बोळात सात रिक्षा एकदम घुसल्यावर होतं तसं झालं. एकच घातली असती तर कदाचित पार झाली असती."

"कदाचित?" सरांचा आवाज तसाच होता. "एका बाईची नोकरी मी कदाचितवर ठरवू?"

"नाही सर. मोजू या. वेळ तीच आहे, डोंगल तेच आहे. तुम्ही माझ्या संगणकावरून एक रिपोर्ट फुलंब्रीला पाठवा."

"कोणाचा?"

"माझाच. मागच्या महिन्यात मशीन तपासताना माझं रक्त लावलं होतं, तो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर तिच्या जागेवर जाऊन बसत होते.

"तो गृहस्थ किती वेळ थांबला होता?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस मिनिटं तरी, सर," लुबना म्हणाली. "चारदा घड्याळ बघितलं त्यानं."

"ठीक. पस्तीस मिनिटांत पान आलं नाही, तर लाइन बंदच होती असं मी धरीन. मग 'तो माणूस निघाला' हा खुलासाही मी मानणार नाही; बंद लाइनवर 'निघाला' म्हणणारं माणूस मला नको. लुबनाचं जे ठरलं ते ठरलं. आणि आलं, तर लुबना तिथेच राहील, आणि तनुजा, तू उद्या सकाळी केबिनमध्ये ये. मान्य?"

लुबनाने तनुजाकडे पाहिलं.

"मान्य," तनुजा म्हणाली. "फक्त एकदाच दाबा, सर. काहीही झालं तरी दुसऱ्यांदा नको."

"दाबतो."

तनुजाने मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. खिडकीच्या गजावर डोंगलचा हिरवा दिवा लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. लुबना उठून प्रिंटरपाशी गेली आणि दोन्ही हात ट्रेच्या दोन बाजूंना धरून उभी राहिली. बाहेर बसस्टँडवर कंडक्टर सिल्लोड, सिल्लोड म्हणून ओरडत होता. फोनवर सरांचा श्वास ऐकू येत होता. मध्येच ते म्हणाले, "काहीच हलत नाही इथे. पुन्हा दाबू का?"

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

दिवा विझला. बराच वेळ विझलेलाच राहिला. लुबनाने पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि खिडकीकडे बघायचं टाळलं. मग दिवा लागला. प्रिंटरच्या पोटात खडखड झाली, रुळांनी कागद आत ओढला, आणि पान वरच्या नावापासून खालच्या सहीपर्यंत सावकाश लुबनाच्या हातांत उतरलं.

तनुजाने घड्याळ थांबवलं. चार मिनिटं दहा सेकंद.